शाळेत वाचलेले कुठे जाते?

(साक्षरता वर्गातील मंडळींपुढे केलेले भाषण)



तुम्ही आता वाचू लागला आहात. एसटीची पाटी तुम्हाला वाचता येते. सात-बारावरचे आपले नाव सापडते. दुकानदाराने चिठ्ठीवर काय आकडा मांडला, तो कळतो. आता कुणी शाईची डबी पुढे करून "लाव अंगठा" म्हणाला, तर तुम्ही म्हणता, "पेन दे." फार चांगले झाले.

पण आज मी सात-बाराबद्दल बोलणार नाही. आज गोष्टींबद्दल आणि कवितांबद्दल बोलणार आहे. आपल्या पोरांच्या पुस्तकात असतात ना, त्याच गोष्टी, त्याच कविता.

मागच्या महिन्यात एका गृहस्थांनी मला वाटेत गाठले. म्हणाले, "गुरुजी, हिशेब शिकवता ते बरं. अर्ज लिहायला शिकवता ते बरं. पण पोरींना कविता कशाला पाठ करायला लावता? कवितेनं काय पीक येतंय?" ते गृहस्थ आज इथेच बसले आहेत. नाव मी घेत नाही. त्यांची मुलगी यंदा सातवी पास झाली. तिला पुढे धाडावी की घरी बसवावी, हे त्यांच्या मनात चालले आहे. गावात सातवीच्या पुढे शाळा नाही. तालुक्याला जायचे म्हणजे रोजची एसटी, आणि घरात कामाचे दोन हात कमी. तेव्हा हा प्रश्न नुसता कवितेचा नाही. पोरीच्या पुढच्या आयुष्याचा आहे.

कवितेने पीक येत नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. खत टाकल्याने येते, पाऊस पडल्याने येते. मग शाळेत वाचलेले जाते कुठे? परीक्षा झाली, पुस्तक रद्दीत गेले, म्हणजे सगळे संपले का? तेच आज पाहू.

खानदेशात जळगावजवळ असोदे नावाचे गाव आहे. तिथे १८८० साली एका शेतकऱ्याच्या घरी मुलगी जन्मली. नाव बहिणा. त्या काळी शेतकऱ्याची मुलगी शाळेत कुठली जायला? पाटी नाही, पेन्सिल नाही. तेराव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि ती जळगावला चौधऱ्यांच्या घरी आली. घरात शेती. पुढे नवरा वारला. पदरात मुले. एका मुलाला प्लेग झाला. तो वाचला, पण अधू झाला. बाईच्या जातीला एवढे दुःख पुरे झाले. पण ती रडत बसली नाही. शेतात राबायची. राबताना, दळताना गाणी म्हणायची. दुसऱ्या कुणाची नव्हे हो, स्वतःची. तोंडाला येतील तशी, आपल्या खानदेशी बोलीत.

तिचा एक मुलगा सोपान. तो शाळेत जात होता. एके दिवशी त्याने आपल्या शाळेच्या पुस्तकातला एक धडा आईला वाचून दाखवला. धडा होता सावित्री आणि सत्यवानाचा.

ही गोष्ट तुम्हा बायकांना मी काय सांगावी? यम नवऱ्याचा प्राण घेऊन निघतो. सावित्री त्याच्या मागे मागे जाते. यम म्हणतो, माघारी फिर. ती फिरत नाही. बोलून बोलून ती यमाला गुंतवते आणि नवरा सोडवून आणते. वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळता, ती हीच सावित्री.

मुलाने धडा वाचला. आईने ऐकला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गोष्टीवर आईचे गाणे तयार होते!

सोपानला नवल वाटले. आपण जे वाचले ते आपण विसरूनही गेलो असतो. आईने रात्रीत त्याचे गाणे केले. त्या दिवसापासून तो आईची गाणी वहीत उतरून घेऊ लागला. पुढे हा सोपान मोठा कवी झाला. कवी सोपानदेव चौधरी ते हेच. ही हकिकत त्यांनी स्वतःच सांगून ठेवली आहे.

आता जरा विचार करा. सावित्रीची गोष्ट त्या माउलीने आधी ऐकली नसेल का? घरोघर सांगतात ती. मग त्या दिवशी निराळे काय झाले? मला वाटते ते असे. बाहेर कुणी गोष्ट सांगते, तेव्हा दहा जणी बसलेल्या असतात. एकीचे लक्ष पोराकडे, एकीचे चुलीकडे. इथे पोटचे पोर समोर बसून वाचते आहे. अडखळते आहे, पुन्हा वाचते आहे. ते अडखळते तेवढ्यात ऐकणारीच्या मनात गोष्ट पुढे धावते. वाचून दाखवणे म्हणजे नुसते सांगणे नव्हे. त्यात थांबायला जागा असते. आणि स्वतः नवऱ्याविना दिवस काढलेल्या बाईने सावित्री ऐकली, तर ती कशी ऐकली असेल, हे तुम्हीच समजा. नवरा त्या दिवसाआधी गेला की नंतर, याचा हिशेब मी करत नाही. पण ती गोष्ट तिच्याजवळ जन्मभर राहिली असणार.

बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी वारल्या. गाणी वहीत पडून होती. आईच्या माघारी सोपानदेवांनी ती वही बाहेर काढली आणि त्यातले एक गाणे आचार्य अत्रे यांना दाखवले. अत्रे म्हणजे तेव्हाचे गाजलेले लेखक, नाटककार, वर्तमानपत्रवाले. त्यांना ते गाणे इतके आवडले, की हे जगापुढे आलेच पाहिजे असे त्यांनी ठरवले. १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. अत्र्यांनी त्याला प्रस्तावना लिहिली.

पुढे काय झाले ते तर ऐका. त्या पुस्तकातल्या कविता शाळेच्या पुस्तकांत गेल्या. सुगरण पक्ष्याच्या घरट्यावरची कविता, मनावरची कविता, घरसंसारावरची कविता. आज महाराष्ट्रात कुठल्याही शिकलेल्या माणसाला विचारा, त्याला त्यातली एक तरी तोंडपाठ असते. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव दिले. जिने शाळेची पायरी चढली नाही, तिच्या नावाचे विद्यापीठ! शाळेतला धडा पोराच्या तोंडून घरात आला, आईच्या कानात पडला, गाणे होऊन बाहेर आला आणि तिची गाणी पुन्हा धडा होऊन शाळेत गेली.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, बहिणाबाई लाखात एक. आमचं काय?"

बरोबर आहे. म्हणून आता आपल्यासारख्या माणसाची गोष्ट सांगतो. आमच्या तालुक्यातला एक म्हातारा मला माहीत आहे. चौथीपर्यंत शिकला आणि ढोरांमागे गेला. शाळा सुटली ती सुटली. चौथीत असताना त्याच्या गुरुजींनी तुकाराम महाराजांचा एक अभंग पाठ करून घेतला होता. तुकोबांच्या काळी, १६३० सालाच्या सुमाराला, भयंकर दुष्काळ पडला होता. त्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून मेली. होते नव्हते ते गेले, गावात मान राहिला नाही. हे सगळे तुकोबांनी आपल्या अभंगात सांगितले आहे. आडपडदा काही ठेवलेला नाही.

पोराने तो अभंग पाठ केला. का केला? गुरुजी ओरडतील म्हणून. अर्थ काय कळणार आठ-नऊ वर्षांच्या पोराला?

मग आला १९७२ चा दुष्काळ. तुमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांना तो आठवत असेल. विहिरी आटल्या. जनावरे गेली. लोक दुष्काळी कामावर खडी फोडत होते. पोरांना सुकडी वाटत होते. हा गडी तेव्हा ऐन तरणा. हातोडी चालवताना एकदम तो अभंग त्याच्या तोंडात आला. किती वर्षांत आठवला नव्हता. तो मला म्हणाला, "गुरुजी, तवा कळलं, की तुकोबाचं बी असंच झालं व्हतं. एवढा मोठा माणूस, त्याच्या घरात बी दाणा नव्हता. मला वाटत व्हतं, मीच नालायक, घरच्यांना खायला घालता येईना. तवापासून ते वाटायचं कमी झालं."

अभंगाने त्याला भाकरी दिली नाही. भाकरी खडी फोडूनच मिळाली. पण आपल्यावर आले ते आपल्या नालायकीने आले, हे जे माणसाला आतून खाते, ते थांबले. मला तरी ही लहान गोष्ट वाटत नाही. आजही शेतकरी दुष्काळाला नाही तितका त्या आतल्या खाण्याला बळी पडतो.

असे पाहा. शाळेत पाठ केलेले पुष्कळदा तेव्हा कळतच नाही. ज्वारी पेवात घालतात तसे ते मनात पडून राहते. गरज पडते तेव्हा वर येते. आणि ते लहानपणीच टिकते, कारण तेव्हा चाळीस पोरे एका सुरात म्हणत असतात. साकी, दिंडी, श्लोक, अभंग, प्रत्येकाची चाल निराळी. शब्द विसरला तर चाल तो शब्द ओढून आणते. जात्यावरच्या ओवीचे असेच आहे की नाही? पहिला शब्द कुणी काढला, की पुढची ओळ आपोआप येते. मोठेपणी आपण वाचतो ते एकट्याने, मनातल्या मनात. ते लवकर पुसते. म्हणून तुम्हाला माझे सांगणे, तुम्ही अजून वाचायला नवे आहात तोवर मोठ्याने वाचा. शेजारी हसला तर हसू द्या.

आता एका मोठ्या माणसाची गोष्ट. ही काठेवाडात सुरू होते आणि समुद्रापार दक्षिण आफ्रिकेत जाते.

महात्मा गांधी लहानपणी काठेवाडात शाळेत शिकले. अभ्यासात ते काही फार हुशार नव्हते, हे त्यांनीच लिहिले आहे. शाळेत गुजराती कवी शामळ भट्ट यांचे एक कडवे त्यांनी पाठ केले. त्या कडव्याचा भावार्थ असा, की कुणी आपले भले केले म्हणून आपण त्याचे भले करणे, यात विशेष ते काय? आपले वाईट करणाऱ्याचेही भले करावे. हे कडवे गांधींच्या मनात जे रुतले, ते कायमचे. पुढे त्यांनी आत्मचरित्र लिहिले, त्यात या कडव्याचा उल्लेख केला आहे. मी त्या वागण्याचे प्रयोग करत गेलो, असे ते सांगतात.

प्रयोग म्हणजे काय? तर एक प्रसंग सांगतो. साल १९०८, तारीख १० फेब्रुवारी, गाव जोहान्सबर्ग. गांधी तेव्हा तिथे वकिली करत होते. हिंदी लोकांनी नाव नोंदवावे की नोंदवू नये, यावर सरकारशी भांडण चालले होते. गांधींनी तडजोड केली. काही लोकांना वाटले, गांधींनी आपल्याला फसवले. मीर आलम नावाचा एक पठाण, गांधींच्या ओळखीचाच माणूस, तो आणि त्याचे सोबती रस्त्यात आडवे आले आणि त्यांनी गांधींना काठ्यांनी मारले. गांधी बेशुद्ध पडले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारले, मीर आलम कुठे आहे? लोक म्हणाले, पकडला आहे. गांधी म्हणाले, त्यांना सोडले पाहिजे. आपल्याला या लोकांवर खटला करायचा नाही, असे त्यांनी सरकारलाही कळवले. सरकारने ऐकले नाही, मीर आलमला शिक्षा झालीच. पण गांधींनी फिर्याद केली नाही.

जखमी गांधींना जोसेफ डोक नावाच्या एका पाद्री साहेबांनी आपल्या घरी नेले आणि त्यांची सेवा केली. पुढे १९०९ साली याच डोक साहेबांनी गांधींचे पहिले चरित्र लिहिले. त्यांना गांधींनी लहानपणची गोष्ट सांगितली, की शाळेत शिकलेले एक कडवे मला चिकटून राहिले. ते हेच कडवे.

त्या कडव्यामुळेच गांधींनी मीर आलमला माफ केले, असे मी म्हणत नाही. माणूस एका कडव्याने घडत नाही. आईचे वळण असते, सोबत असते, स्वतःचा विचार असतो. पण डोके फुटलेले असताना माणसाच्या तोंडून जे निघते, ते तेव्हाच शोधून काढलेले नसते. ते आधीपासून आत असावे लागते.

शाळेच्या सगळ्याच आठवणी गोड असतात, असे मात्र समजू नका. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर लहानपणी शाळेत जात, तेव्हा बसायला गोणपाट घरून न्यावे लागे. ते गोणपाट वर्गात इतरांपासून वेगळे पडलेले. तहान लागली तर नळाला हात लावायची बंदी. शिपायाने नळ सोडला तर पाणी प्यायचे. शिपाई नसला तर तहानलेलेच राहायचे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. हादेखील शाळेत शिकवलेला धडाच. पुस्तकात छापलेला नव्हता एवढेच. तोही जन्मभर टिकला.

पण त्याच वयात एक पुस्तकही त्यांच्या हातात आले. ते मुंबईत शिकत होते. शाळेतली एक परीक्षा ते पास झाले. तेव्हा त्यांच्या समाजात तिथवर कुणी पोचले नव्हते. म्हणून वस्तीतल्या लोकांनी सत्कार ठरवला. अध्यक्ष होते कृष्णराव अर्जुन केळूसकर. हे शाळेत शिक्षक होते आणि लेखकही होते. शिवाजी महाराजांचे चरित्र लिहिणारे केळूसकर ते हेच. भाषण झाले आणि केळूसकरांनी त्या मुलाला स्वतः लिहिलेले एक पुस्तक भेट दिले. गौतम बुद्धाचे चरित्र.

हार दिला असता तर संध्याकाळी सुकला असता.

मुलाने पुस्तक वाचले. त्याचे वडील रामजी सुभेदार मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत असत. मुलाच्या मनात प्रश्न उभे राहू लागले. हे बुद्धाचे पुस्तक आपल्याला आधी का नाही कुणी दिले, असेही त्याला वाटले. पुस्तकाचे हेच काम. उत्तर देण्यापेक्षा प्रश्न उभा करण्याचे काम मोठे.

नंतर मध्ये कितीतरी वर्षे गेली. परदेशातले शिक्षण झाले, महाडचे तळे झाले, १९३५ साली येवल्याची घोषणा झाली, देशाची घटना झाली. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्याच वर्षी त्यांनी आपल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथासाठी जी प्रस्तावना लिहिली, तिच्यात केळूसकरांच्या त्या पुस्तकाची आठवण सांगितली आहे. शाळेच्या वयात हाती आलेले पुस्तक, आणि जवळजवळ पन्नास वर्षांनी त्याची आठवण!

म्हणून पोरगे पास झाले की पेढे वाटा, जरूर वाटा. पण एक पुस्तकही द्या. पेढ्याच्या पुड्याएवढ्याच किमतीत येते.

आता मघाच्या गृहस्थांकडे वळतो. तुमची मुलगी सातवीपर्यंत किती कविता शिकली असेल? तुम्ही त्यातली एक तरी ऐकली आहे का? मी रागाने विचारत नाही. दिवसभर शेतात राबलेल्या माणसाला रात्री जेवण झाले की झोप येते. पण अजून एक काम करून बघा. तिला आठवीत घालायचे की नाही, ते ठरवण्याआधी आठ दिवस रोज रात्री तिच्याकडून पुस्तक वाचून घ्या. टीव्ही बंद, मोबाईल बाजूला. तिची आईही बसू दे. तिची आजीही बसू दे. आणि पोरगी जे वाचते त्यावर तिला विचारा, "हे तुला पटतं का?" ती काय उत्तर देते, ते ऐका. सात वर्षांत शाळेने तिला काय दिले, ते गुणपत्रिकेत दिसत नाही. ते त्या उत्तरात दिसेल. मग काय ते ठरवा. बाप तुम्ही आहात.

वाचून घेताना एक पथ्य पाळा. ती चुकली तर टपली मारू नका. छडीच्या भयाने पाठ केलेली कविता ज्यांना नकोशी झाली, अशी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांना कविता आठवत नाही, वळ आठवतो. आणि ते 'कवीला काय म्हणायचे आहे' असे विचारून मुलांना पिडू नका. ते शाळेत होते तेवढे पुरे.

आणि पुस्तकात आहे ते सगळेच डोळे मिटून घ्यायचे, असेही नाही. पुस्तके माणसेच करतात. आपल्या राज्याचे पाठ्यपुस्तक मंडळ, ज्याला आपण बालभारती म्हणतो, ते १९६७ साली पुण्यात निघाले. त्याआधी आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे पुस्तकातल्या चित्रांत आई चुलीपाशी आणि बाप पेपर वाचत बसलेला, असेच असायचे. पोरगी रोज ते चित्र पाहते. कुणी तिला काही सांगावे लागत नाही. चित्रच सांगते, तुझी जागा इथे. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात एक बदल झाला. आई आणि बाबा दोघे मिळून भाजी निवडताहेत, असे चित्र आले. काही लोक हसले. हसू द्या. चित्र पाहून वाढणारी पोरे उद्या काय करतात ते दिसेलच.

आमच्या वर्गातली एक आजी मला म्हणाली, "गुरुजी, आमची शाळाच झाली नाही. म्हणजे आमच्या मनात असलं काहीच पडलं नाही म्हणा की." आजी, तुमच्या मनात काय कमी आहे? तुमच्या आईने जात्यावर म्हटलेल्या ओव्या आहेत. पंढरीच्या वाटेवरचे अभंग आहेत. ती तुमची शाळाच होती, फक्त तिला हजेरीपट नव्हता. आता गावात गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले. दळणाचे कष्ट वाचले, ते बरेच झाले. त्या कष्टाचे गोडवे मी गाणार नाही. पण जात्याबरोबर ओवी म्हणायची वेळही गेली. तुमच्या सुनेला चार ओव्या येत असतील. नातीला एकही येत नाही.

सोपानदेवांच्या घरी निदान एक लिहिणारा होता. आज आपल्या घरात लिहिणारे किती आहेत? मुलगा आहे, नात आहे, आणि आता तुम्ही स्वतः आहात. सरकारी शाळेत पहिलीपासून आठवीपर्यंत पुस्तके फुकट मिळतात. वही काही फार महाग नाही.

माझ्या पिशवीत मी शंभर पानांची एक वही आणली आहे. पहिल्या पानावर गावाचे नाव आणि आजची तारीख आपल्या वर्गातल्या बायांनीच लिहिली आहे. अक्षर वाकडेतिकडे आहे, पण वाचता येते. सातवी पास झालेली ती मुलगीही इथे आली आहे. तिचे अक्षर चांगले आहे, तेव्हा ती लिहून घेईल. सावकाश सांगा म्हणजे तिला लिहायला सापडेल. हं, आजी, तुम्हीच सुरू करा. तुमच्या आईची कुठली ओवी आठवते?